अंगठा न लावता

४ फेब्रुवारी
कंपनीचं बोलावणं! निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आणि आज आठवण आली. पंचाहत्तरी आहे म्हणे. रेडिओच्या दिवसांपासूनची सगळी मॉडेलं एका दालनात मांडायची, सोबत इतिहासाचं पुस्तक काढायचं. जाहिरातवाले साहेब म्हणाले, "दाढीची जुनी मशीनं तुमच्याइतकी कुणी उघडली नसतील." खरंय. चौतीस वर्षं दुरुस्ती खात्यात लोकांच्या दाढ्यांचा भुगा झाडला.
हिला सांगितलं. म्हणाली, "आधी स्वतःची करा."

९ फेब्रुवारी
बावीस मॉडेलं जमली. पहिलंच नाही!
त्या पहिल्या मशीनच्या कडेला एक दातेरी चाक असायचं. बटण दाबायचं, अंगठ्याने चाकाला टिचकी मारायची — तेव्हा कुठे मोटर फिरायची. ओल्या अंगठ्याने लोक वैतागायचे. दुसऱ्या वर्षी मोटर आपली आपण फिरायला लागली, आणि कंपनीचं नशीबही. दोन खोल्यांच्या रेडिओ-कारखान्याचे चार मजले झाले. ही युक्ती मालकांना आरशासमोर उभं असताना सुचली. पुस्तकाचं पहिलं पान तेच आहे. मीही नव्या पोरांना हीच गोष्ट सांगत आलो.

१३ फेब्रुवारी
वर्तमानपत्रातलं आवाहन वाचून एका बाईंचा फोन आला. "आमच्याकडे आहे. पण न्यायचं नाही. बघायला या."
गेलो. बाई चौऱ्याऐंशीच्या, पाठ ताठ. यजमान नमुने बनवणाऱ्या खोलीत फिटर होते. जाऊन एकोणीस वर्षं झाली. ते मशीनची चाचणी स्वतःच्याच तोंडावर घ्यायचे — उजवा गाल आमच्या मशीनने, डावा दुसऱ्या कंपनीच्या. चार वर्षं! "एका लग्नाला तसेच आले होते," बाई हसत म्हणाल्या. "एका बाजूने जावई, दुसऱ्या बाजूने दरोडेखोर."
मग त्यांनी डबी उघडली. मशीनच्या पोटावर हाताने कोरलेला आकडा — १.
अगदी पहिलं!
वायर तपासली, नवी पिन लावली, बटण दाबलं. टिचकीसाठी अंगठा पुढे केला — आणि चाकाला हात लागायच्या आत मोटर गुरगुरली! आपली आपण! बंद केलं, परत लावलं. परत तेच. आठ वेळा.
एक नंबरचं मशीन, कडेला चाक, आणि चाकाची गरजच नाही? अरे, ही युक्ती तर दुसऱ्या वर्षीची ना?
मशीन डबीत ठेवलं, बाईंना नमस्कार करून निघालो. तोंडाचा आ वाटेतही मिटेना!

१४ फेब्रुवारी
झोप धड नाही. कानात ती गुरगुर.

१७ फेब्रुवारी
साहेब म्हणाले, "उघडून बघा. त्याशिवाय छापता येणार नाही." बाईंना फोन केला.
"नाही. आत ह्यांची दाढी आहे."
मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शेवटच्या सकाळचा भुगा. त्यांनी झाडलाच नव्हता.
मी आयुष्यभर तो फुंकर मारून उडवत आलो.
साहेबांना सांगितलं, नाही जमणार.

२५ फेब्रुवारी
बाई स्वतः वर्कशॉपमध्ये आल्या! मशीन पर्समध्ये, सोबत एक कोरा कागद. "उघडा. पण आधी हे."
जाळी काढली. कागदावर हलकेच ठोकलं. चिमूटभर राखाडी भुगा. पुडी त्यांनी स्वतः बांधली. साहेब वही-पेन घेऊन टिपायला बसले.
मग चार स्क्रू. आत तांब्याच्या तारेच्या दोन मोठ्या गुंडाळ्या, अपेक्षेप्रमाणे. पण त्यांच्या मधोमध आणखी एक! बारकी, तिरपी बसवलेली, केसाहून बारीक तारेची. वेढ्याला वेढा असा चिकटून बसलेला की भिंगातूनही फट दिसेना. अशी गुंडाळी मी जन्मात पाहिली नाही. मोटरला पहिला धक्का तीच देत होती. अंगठ्याचं काम!
"यजमानांचा हात म्हणजे देवाचा हात, बाई!" मी म्हणालो.
बाई म्हणाल्या, "मोठ्या त्यांच्या. तिरपी माझी."
साहेबांचा पेन थांबला.
"लग्नाआधी मी पंख्याच्या कारखान्यात गुंडाळ्या भरायची. पंखा कुठे कुणी टिचकी मारून लावतं? मग दाढीच्या मशीनला का लागावी? हे आंघोळीला गेले होते, तेवढ्यात घातली. बाहेर येऊन बटण दाबलं, तर मशीन हातातच सुरू झालं — हे टॉवेलनिशी पळत गॅलरीत!"
"मग मालकांना..." साहेबांनी विचारलं.
"ह्यांनी नेऊन दाखवलं. कुणी केलं ते कुणी विचारलं नाही. ह्यांनी एकदा सांगायला तोंड उघडलं होतं. लोक हसले."
मी हसलो नाही. मला उभंच राहावंसं वाटलं. उभा राहिलो. साहेबही उठले.

२६ फेब्रुवारी
पहिलं पान रद्द. साहेबांनी बाईंना फोन करून विचारलं, नाव काय छापू?
"माहेरचं छापा. ती गुंडाळी घातली तेव्हाच मी तिच्याखाली तेच कोरलंय. भिंग नीट लावा."