पोरांपायी नाकारलं

कोलंबो, फेब्रुवारी १९६३

लोणंदच्या माझ्या आईला कौसाचा मनापासून जयभीम.

बोटीनं नीट पोचलो, काळजी करू नको. तू दिलेले लाडू राहुलनं वाटेतच संपवले. छकुली कडेवरनं उतरत न्हाई, पण ताप न्हाई.

यांचा पालीचा वर्ग सुरू होईस्तोवर हॉटेलातच राहायचंय. पहिल्या हॉटेलच्या मॅनेजरनं आमच्याकडं बघून मान हलवली. मला वाटलं, समुद्र ओलांडला तरी आपली जात ह्याला कशी कळली? मी राहुलचं बखोट धरलं आणि तरातरा बाहेर आले.

हे मागनं पळत आले. "अगं थांब! तो म्हणतोय, हितं बारकी पोरं चालत न्हाईत. रडतात, गाद्या भिजवतात."

मला खरंच वाटंना. "आडनाव विचारलं का?"

"न्हाई."

"गाव?"

"न्हाई गं. निस्तं पोरांचं वय विचारलं."

दुसऱ्या हॉटेलातल्या बाईनं आपणहून पाळणा आणून दिला, दूध गरम करून दिलं. छकुलीनं गादी भिजवलीच. बाई हसली.

हॉटेल चांगलं मिळालं, पण माझं डोकं त्या पहिल्या दारातच अडकलंय. आई, लेकरांसकट आमाला परत पाठवलं आणि मला लय बरं वाटलं. असं कसं गं? राग का आला न्हाई?

आण्णांचा खोकला कसा हाय? त्यांना हे सांगू नको. न्हाईतर, सांगच.

तुझी,
कौसा