टाचणी लावलेला धडा

बाई, मला एक प्रश्न विचारायचा आहे. वर्गात असते तर हात वर करून उभी राहिले असते आणि तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणाला असता, "आलं का परत काहीतरी डोक्यात?" तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती, आता ती केसांना कलप लावते. तरी प्रश्न तुमच्याच विषयातला आहे, म्हणून दुसऱ्या कुणाला विचारावासा वाटला नाही. रोजचा हिशेब लिहून झाला की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर थोडं थोडं लिहिते आहे.

तुम्हाला आठवतं का, परळच्या आपल्या मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात शेवटी शेवटी एक धडा होता. तो यायच्या आदल्या दिवशी तुम्ही टाचण्यांची डबी घेऊन बाकांमधून फिरलात, प्रत्येकीच्या तळहातावर टाचणी ठेवलीत आणि म्हणालात, "ही पानं एकत्र टाचून टाका. हा धडा परीक्षेला नाही." मी उभी राहिले. "बाई, परीक्षेला नाही तर पुस्तकात कशाला छापलाय?" वर्ग फिदीफिदी हसला. तुमचे कान लाल झालेले मला पहिल्या बाकावरून दिसले. "फार प्रश्न पडतात तुला. टाचणी लाव आणि खाली बस." मी टाचणी लावली आणि बसले. मॅट्रिक झाले, लग्न झालं, एक मुलगी झाली, पण त्या पानांत काय होतं ते काही कळलं नाही. म्हणजे व्हायचं ते सगळं अंगावरून गेलं, पण आत काय चाललंय ते कुणी दाखवलं नाही.

आता कुत्रीचं सांगते. मुलगी शिवडीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. लग्न केलं नाही तिने, आमच्याजवळच लालबागला असते. गेल्या चैत्रात ती पर्समधून एक पिल्लू घेऊन आली. गोदामाच्या गेटजवळ कुत्री व्याली होती, आणि तेवढं एकच पिल्लू उरलं होतं. "आणि आई कुठे तिची?" मी विचारलं. "आहे की. नुसती हाडं राहिलीत तिची. हिला उचललं तर उठून बघायचीही ताकद नव्हती." मी देवाला दाखवलेलं दूध वाटीत ओतलं. घरात कुत्रं नको म्हणणारी मीच होते. मुलीने तिचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलंय. मी तिला पोरी म्हणते, आणि ती मलाच ओ देते.

गणपतीच्या आधी लस टोचायला नायगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझ्या मुलीहून लहान असेल ती. पोरीचं पोट चाचपून म्हणाली, "काकू, गर्भपिशवी काढायच्या ऑपरेशनचं ठरवा आता. पहिली हीट, म्हणजे माज, यायच्या आत केलेलं हिला बरं." मी विचारलं, आतच का? मग नंतर का नाही? मोठ्या कुत्र्यांचं काय करतात? ती बिचारी सांगत गेली. मोठ्या जातीची कुत्री असली तर हाडं भरेपर्यंत थोडं थांबतात, ही मध्यम अंगाची आहे. पहिल्या हीटच्या आधी केलं तर पुढे छातीत गाठी व्हायचा धोका फारच कमी होतो. एखादी हीट झाल्यावर केलं तरी फायदा असतोच, पण थोडा कमी. आणि नाहीच केलं तर उतारवयात पिशवीत पू होऊ शकतो, मग धावाधाव होते. एकदा हीट आली की मात्र दोन-तीन महिने थांबायचं, कारण तेव्हा तिथल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. "आणि एक वेत होऊ दिलं तर?" मी हळूच विचारलं. "त्याने तब्येतीला काही फायदा नसतो, काकू. लोक उगाच म्हणतात."

मग तिने औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून दाखवलं. बाई, कुत्रीची पिशवी बेचक्यासारखी असते! मधे दांडा आणि दोन बाजूंना दोन लांब शिंगं, त्यांत पिल्लं ओळीने बसतात, शेंगेतल्या दाण्यांसारखी. मी म्हटलं, "आणि माझी? अशीच असते?" डॉक्टरीण हसली नाही. शेजारी दुसरं चित्र काढलं. "तुमची उलट्या पेरूसारखी. एवढीशी," असं म्हणून तिने मूठ दाखवली. मी माझ्या मुठीकडे बघत राहिले. एवढ्याशा मुठीत माझी मुलगी नऊ महिने होती आणि मला आज साठीनंतर तिचा आकार कळतोय. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, काय मुलाखत घेत होतीस का तिची? मागे लाईन लागली होती."

ऑपरेशन तेव्हाच व्हायला हवं होतं. पण मी कॅलेंडर उघडलं. आधी गणपती, मग पितृपक्ष, त्यात कसं करायचं? आमचे हे म्हणाले, नवरात्र होऊन जाऊ दे. शेजारच्या मालवणी काकी गॅलरीतून ओरडून सांगायच्या, "एकदा तरी तिका पिलां होवंदेत गो! मुक्या जनावराचो शाप कित्याक घेतंस?" मी दोघांनाही मान डोलवायचे. डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं, "आमच्यात या दिवसांत करत नाहीत." ती म्हणाली, "काकू, हीट कॅलेंडर बघून येत नाही."

आली ती नेमकी घट बसलेले असताना. सकाळी दिवा लावायला गेले तर देव्हाऱ्यासमोरच्या लादीवर लाल ठिपके. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, घट बसलेत घरात. बांध तिला गॅलरीत." मी बांधली, पाण्याच्या पिंपाजवळ. दिवा लावून वळते तर ती दारातून आत बघतेय, कान पाडून. त्या पिंपाजवळ कोण बसायचं, बाई? सासूबाई होत्या तोवर मीच बसायचे. चार दिवस, वेगळं ताट, वेगळी सतरंजी. मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट आराम मिळायचा. पण हिला काय सांगणार? हिला वाटलं असेल काहीतरी चुकलं आपलं. मी लादी पुसली, मुलीची जुनी चड्डी शेपटीला भोक पाडून तिला घातली आणि आत घेतलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. देवीने काही मनाला लावून घेतलं असेल असं मला वाटत नाही. घट चांगला हातभर उगवला होता.

खाली जिन्याशी मात्र गल्लीतले सगळे कुत्रे येऊन बसले. काकी म्हणाल्या, "तुझ्या चेडवाक बघूक स्थळां इली गो, च्या तरी कर!" मुलगी ऑफिसला निघाली होती, ती चपला घालता घालता म्हणाली, "काकी, माझ्यासाठी कधी एवढे आले नव्हते." काकी अशा हसल्या की त्यांना ठसका लागला.

आता जे सांगायचं ते सांगते. एका दुपारी मी पोरीला खाली घेऊन गेले. गल्ली रिकामी होती. फक्त एक तांबूस कुत्रा होता, देखणा, कान सरळ. तो जवळ आला. पोरीने शेपटी एका बाजूला केली. आणि मी पट्टा सैल सोडला. अगदी सोडला नाही, हातातच होता, पण सैल. शाप लागेल म्हणून नव्हे, आणि तिला आई व्हायचं असेल म्हणूनही नव्हे. मला बघायचं होतं. पिल्लं शिंगांत ओळीने कशी बसतात, पोट कसं हलतं, ती बाहेर कशी येतात. माझ्या वेळी मला काही दिसलं नव्हतं. डोळे गच्च मिटले होते आणि दाई ओरडत होती. तेवढ्यात पोरीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मला तिची गोदामाच्या गेटवरची आई डोळ्यांसमोर आली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. नुसती हाडं उरलेली. हौस माझी आणि व्यायचं हिने, हा कुठला न्याय? मी पट्टा मनगटाला गुंडाळला आणि तिला ओढतच तीन मजले वर आणलं. मग ती माझ्यावर दिवसभर रुसली होती.

त्यानंतर थांबणं आलं. दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला. पौषात आमच्यात काही करत नाहीत, पण ह्या खेपेला मी कॅलेंडरकडे बघितलंच नाही. परवा ऑपरेशन झालं. मुलगी बाहेर बसून नखं खात होती, मी जप करत होते. डॉक्टरीणबाई दार उघडून म्हणाली, "छान झालं सगळं. काकू, तुम्हाला बघायचंय का?" मुलगी म्हणाली, "ई, आई, नको!" मी आत गेले. स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी होती. चित्रातल्यासारखीच, बेचक्यासारखी, पण किती नाजूक, गुलाबी, ओली. दोन शिंगं. मी चप्पल बाहेर काढली नव्हती, तरी हात जोडले गेले. डॉक्टरीणबाई दुसरीकडे बघत हात धुऊ लागली.

पोरी आता गळ्यात प्लास्टिकची टोपी घालून माझ्या पायाशी झोपली आहे. टाक्यांना तोंड लावू द्यायचं नाही. मधेच कण्हते, मग मी तिच्या पाठीवर हात ठेवते. तर माझा प्रश्न असा, बाई: तुम्हाला तरी ते कुणी दाखवलं होतं का? माझ्या लग्नाआधी तुम्ही आमच्या खोलीवर नारळ आणि खण घेऊन आला होतात. निघताना दारात थांबलात, आई चहाचे कप उचलायला आत गेली तेव्हा खालच्या आवाजात म्हणालात, "तुला काही विचारायचं आहे का?" तुम्ही स्वतः बिनलग्नाच्या, टाचण्या वाटणाऱ्या. मला वाटलं, ह्यांना काय माहीत असणार? मी म्हटलं, "नाही, बाई." तुम्ही माझ्या गालाला हात लावलात आणि जिना उतरून गेलात. आज वाटतं, त्या दिवशी तुम्ही सगळी तयारी करून आला होतात.

हे पत्र पाठवायचं कुठे, तो प्रश्नच नाही. दुमडून देव्हाऱ्याच्या खणात ठेवीन. एक मात्र राहिलं. इतकी वर्षं मी त्या टाचणीचं खापर मनात तुमच्यावर फोडत आले. पण पुस्तक माझ्याच दप्तरात होतं, बाई. घरी आल्यावर दोनदा बोटं लावली होती त्या टाचणीला. काढली नाही. तुमच्या भीतीने नव्हे. काढली तर परत त्याच भोकांतून घालता येणार नाही, असं वाटलं.