हृदयासाठी चांगलं

आष्टी, ता. १२ जुलै १९९८
चि. पियुष यास आजीचा आशीर्वाद. वि. वि.
तुया दोस्त नागपूरहून येऊन अमेरिकेच्या पेकानचा, त्या अक्रोडाच्या जातीच्या फळाचा, डबा देऊन गेला. कवचावरचे काळे डाग पाहून मले वाटलं बिब्बाच हाय. अंगावर उतू नये म्हणून हाताले तेल चोपडून अडकित्त्यानं फोडत बसली. तुये आबाजी दुकानातून पाहून हासत राह्यले. आतला लाल पडदा काढा लागते हे तू काऊन लिहिलं नाई? पहिलाच घास कडूजहर. मग पडदे काढले, कुटून सांबारवडीच्या सारणात कोथिंबिरीसंगं खोबऱ्याच्या जागी घातले. चांगलं लागलं, खोटं कायले बोलू.
आबाजीचं हृदय थकलं, असं सेवाग्रामच्या डॉक्टरनं सांगतलं. तरी गिऱ्हाईकाले सांगतेत, बापामागं मी वाढवलेला नातू दिवाळीले येऊन राह्यला. हो असन तं हो लिहिजो, नाई तं नाई. मधातलं लिहू नको.
माया हाय तशी ठेवजो.
अनुसया

अटलांटा, ता. ९ ऑगस्ट १९९८
ती. आजीस पियुषचा शि. सा. न. वि. वि.
बिब्ब्याचं वाचून ऑफिसात एकटाच हसलो. पेकानमधलं तेल रक्तातली वाईट चरबी कमी करतं, असं इथे सांगतात. आबाजींना रोज मूठभर दे, मीठ-साखर न लावता. दातांना जड गेले तर वाटून दुधात घाल. हृदयासाठी चांगलं असतं.
इथे कायम राहण्याचे माझे कागद अडकलेत. आत्ता देश सोडला तर परत घेतील की नाही, कोण जाणे. बहुतेक जमवतो. सोबत मोठा डबा पाठवतोय.
तुमचाच,
पियुष

आष्टी, ता. २ ऑक्टोबर १९९८
चि. पियुष यास आशीर्वाद.
बहुतेक जमवतो म्हणजे नाई, इतकं मराठी मले समजते. आबाजीले समजत नाई. त्यायनं माडीवरची खोली चुन्यानं रंगवून घेतली. डबा गल्ल्यावर ठेवतेत, साखर घ्यायले आलेल्याच्याही हातावर एक दाणा ठेवून हृदयाचं भाषण देतेत. शेजारचा किसनराव त्यायले म्हणे, सदाशिवराव, नातू आता डब्यात बसून येते काय? तवापासून त्याच्याशी बोलणं बंद.
रोज मूठभर खातेत, तू लिहिलं म्हणून. दोन पायऱ्या चढले की दम लागते. येजो.
अनुसया

अटलांटा, ता. २० नोव्हेंबर १९९८
ती. आजीस शि. सा. न. वि. वि.
आबाजी असे जातील असं वाटलं नव्हतं. तेरवीलाही पोचता आलं नाही, कागद अजून तिथेच आहेत. आता तू स्वतःला जप. नवा डबा पाठवतोय, रोज मूठभर खात जा.
राग धरू नकोस.
पियुष

आष्टी, ता. १५ डिसेंबर १९९८
चि. पियुष यास आशीर्वाद.
तेरवी झाली. तुया जागी किसनरावानं खांदा देल्ला. ज्याच्याशी बोलणं बंद होतं, त्याच्याच खांद्यावर गेले.
डबा पोचला. पडदे काढून वड्या केल्या, खाल्ल्या.
आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावानं आवडीचं एक सोडतेत, हे तुले माहीत हाय. तुयी काकू छाया म्हणे कारलं सोडा. मी म्हणलं, कारलं मले कधी आवडलं? किसनराव म्हणे पेकान सोडा. तेही नाई सोडलं. सोडाचं तं मन ज्यात अटकलं तेच सोडा लागते. मी तुयी वाट पाहणं सोडलं.
माडीवरच्या खोलीत आता दुकानाची पोती हायेत. कधी आला तं आधी कळवजो.
अनुसया