उजव्या पायाची नाडी

सोमवार, ३ मार्च

आयसीयूत सात नंबरच्या बेडवर बसड्रायव्हर. सकाळी मोठा अटॅक आला, रक्तदाब पार खाली. डॉक्टरांनी उजव्या जांघेतून हृदयात छोटा पंप सरकवला – हृदय सावरेपर्यंत रक्त तोच ढकलणार. पण त्याची नळी पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतच अडून बसते. म्हणून दर तासाला मी पांघरूण उचलायचं, पाऊल चाचपायचं, नाडी लागते का ते लिहायचं.

बायको काचेबाहेर स्टुलावर. म्हणाली, "यांचे पाय कधी स्वस्थ नसतात हो सिस्टर. टीव्ही बघतानाही ब्रेक दाबतात." मी हसले. तीही हसली, मग रडली.

मंगळवार, ४ मार्च

तीन वाजता आठ नंबरच्या आजींचं हृदय थांबलं. मीच छाती दाबली. आजी परत आल्या! मग धापा टाकत तक्ते भरले. सात नंबर, तीन वाजता, उजवं पाऊल – 'नाडी लागते.' दोन वाजताची नोंदच खाली उतरवली. पांघरूण उचललंच नाही.

चारला उचललं. पाऊल गार, पांढरंफटक. नाडी नाही.

धावत जाऊन सर्जनना आणलं. म्हणाले, "वेळेवर पकडलंत." सगळ्यांची शाबासकी. मला मान वर करवेना.

बुधवार, ५ मार्च

गुठळी काढली, पंप खांद्याकडून बसवला. तरी पोटरी काळी पडतेय. त्या एका तासानं फरक पडला असता का? कुणाला विचारू? विचारलं तर बिंग फुटेल – हे मनात आलं, याचीच लाज वाटते.

गुरुवार, ६ मार्च

रजा टाकावी म्हटलं. नाही टाकली.

शुक्रवार, ७ मार्च

हृदय सावरलं, पंप निघाला. पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. आता बस चालवणं संपलं. बायको माझा हात धरून म्हणाली, "जीव वाचला, खूप झालं." मी हात सोडवून घेतला. औषधांची ट्रॉली उगीच पुसत बसले.

शनिवार, ८ मार्च

मेट्रनना सगळं लेखी दिलं. चौकशी होईल – होऊ दे. मग बायकोला सांगायला गेले. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, "मंगळवारी तीनला तुम्ही पांघरूण उचललं नव्हतं. मी काचेतून बघत होते. आजींसाठी एवढं धावलात, दमला होतात, म्हणून टोकलं नाही. सिस्टर, मी तेव्हा बोलले असते तर पाय राहिला असता का हो?"