सही झालेलं निदान

३ फेब्रुवारी
आलो एकदाचा. बेलग्रेडहून इकडे बदली म्हणजे शिक्षाच, असं आई म्हणाली. पण खोली उबदार आहे, खालच्या बेकरीतलं खिमा भरलेलं बुरेक झकास आहे, आणि सरकारी वैद्यकीय विद्यापीठात परीक्षक म्हणून मिरवायला मिळणार. डीन स्तानिमिरोविच यांनी सकाळी नऊलाच आलुबुखाराची दारू पाजली. मुख्य नर्स रादोय्का मात्र खिडकीला हात लावू देत नाही. वाऱ्याच्या झोताने माणूस मरतो म्हणे! आणि इथे डॉक्टर घडवतात.

परीक्षेची रीत अशी: विद्यार्थी चिठ्ठी उचलतो, त्या नंबरच्या खाटेवरचा रोगी तपासतो, निदान सांगतो. गुणवहीत त्या विषयाच्या पानावर परीक्षकाची सही असली की पास. डीननी तीस गुणवह्या पुढे सरकवल्या. सगळी वशिल्याची पोरं, पानोपानी आत्ताच सह्या करून टाका म्हणाले. केल्या. गाढवांची शर्यत, त्यात कोण नापास होणार?

रादोय्काने कपाळावर हात मारला. "डॉक्टरसाहेब, हे काय करून बसलात? इथे सही झालेलं निदान खोटं राहत नाही हो!" मी पोट धरून हसलो.

९ फेब्रुवारी
डीनचा पुतण्या ओग्न्येन. दगड परवडला. स्टेथोस्कोप कानात उलटा घातलेला. खाट चारवर मिलुतिन, निवृत्त पोस्टमन. पाय प्लास्टरमध्ये, बाकी ठणठणीत. ओग्न्येन म्हणाला, फुप्फुसांत पाणी झालंय. मी सगळ्यांदेखत विचारलं, "डॉक्टर महाशय, पाणी यांच्या फुप्फुसांत, की तुमच्या डोक्यात?" वर्ग खो-खो हसला. पोरगा कानापर्यंत लाल झाला. सही होतीच, दहापैकी आठ गुण दिले.

१० फेब्रुवारी
मिलुतिन न्याहारी करता करता गेला. फुप्फुसांतून दोन लिटर पाणी निघालं. योगायोग.

१२ फेब्रुवारी
महापौरांच्या मुलीने खाट नऊवरच्या शिक्षिकेला आंधळी ठरवलं. दुपारी ती बाई भिंत चाचपत माझ्याकडे आली. मी स्वतः डोळ्यांवर टॉर्च धरला. काही दिसत नाही तिला.

गुणवह्या परत मागितल्या. डीन म्हणाले, "अहो, सह्या तुमच्याच ना? मग रडता काय?"

१६ फेब्रुवारी
रोगी पळाले. रोगी नसेल तर परीक्षकाने खाटेवर झोपायचं, हीही इथली रीत. आज ओग्न्येनचा मज्जासंस्थेचा पेपर. त्या पानावर माझी सही आहे. त्याला बाजूला घेऊन बजावलं: 'निरोगी' म्हण. एवढंच. तेच खरं आहे. एवढं तर गाढवालाही जमेल.

१६, दुपार
बराच वेळ तपासत होता. मग हसला. म्हणाला, "तुम्ही मुद्दाम चुकीचं उत्तर सांगितलंत, सर. पुन्हा नाही हसं करून घेणार मी." आणि ठणकावून सांगितलं— उजवा हात लुळा. बोटांपासून वर. मग जीभ. मग श्वास—

कुणी हसलं नाही.

करंगळी गेली. पेन मुठीत धरलंय—

रादोय्काने आपल्या हाताने खिडकी उघडली. रडतेय—

ओग्न्येनला बोलवा. चूक माझी. त्याला म्हणावं मी हसणार नाही, कधीच— फक्त पुन्हा एकदा तपा