टिळ्याची जागा

२२ मार्च १९३९, बुधवार. पाडवा.

इंजिन आलं! जळगावहून पाचोऱ्यापर्यंत मोठ्या गाडीने, तिथून पहूरला आमच्या छोट्या गाडीने, आणि स्टेशनापासून मळ्यापर्यंत शेजारच्या हिलालच्या बैलगाडीत. माझे बैल गेल्याच आठवड्यात विकले. इंजिन घेतल्यावर बैल ठेवणं म्हणजे घड्याळ असताना कोंबडा पाळणं.

जळगावच्या इंदरचंद शेटजींनी सोबत इंग्रजी पुस्तक दिलं. अडलंनडलं तर कळवा, माणूस पाठवतो म्हणाले. मी नुसता हसलो. पहूर स्टेशनच्या मालधक्क्यावर एकोणीस वर्षं क्लार्की केली, रोज डोळ्यांसमोरून इंजिनं गेली. वाफेची होती, पण इंजिन ते इंजिन.

पूजा केली. कुंकू भिकुबाईच्या करंड्यातलं. ती भादव्यात गेली तेव्हापासून करंडा तसाच भरलेला आहे, घरात आता लावणारं कोणी नाही. कोरडं कुंकू पत्र्यावर टिकेना म्हणून तेलात कालवलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला बरोबर मध्यभागी बोट टेकेल एवढा खळगा आहे. टिळ्यासाठी कंपनीनेच ठेवलेली जागा. इंग्रज असून गिऱ्हाइकाच्या धर्माचा केवढा विचार! चांगलं थापून लावलं.

हिलालची बायको बेबाबाई बघायला आली होती. म्हणाली, "भाऊ, इतलं कुकू? त्याना जीव घुसमटी जाई." सगळे हसले. मीही हसलो. अडाणी माणसांबरोबर हसावं.

इंजिन पहिल्याच दोरीला सुरू. पाणी आलं. टाळ्या. थोड्या वेळाने बंद पडलं. मी सांगितलं, पहिल्या दिवशी एवढंच चालवायचं असतं.

२३ मार्च. सकाळी ६.

कालच्या बंद पडण्यावर विचार केला. दोष कारबोरेटरात. पितळेची, पानाच्या डब्याहून लहान वस्तू. पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लावते. आत एक तरंगणारा पितळी फुगा, एक सुई आणि बारीक भोकाची जेट. पुस्तकात याच्यावर अकरा पानं आहेत. टाकी आणि झाकण यांच्यावरची पानं सोडली. झाकण उघडायला पुस्तक लागत नाही.

कारबोरेटर उघडला. जेट फुंकली. जोडला. पेट्रोल भरलं, झाकण लावलं, टिळा लावला. सुरू! म्हणजे निदान बरोबर होतं.

नंतर बंद पडलं.

२६ मार्च, रविवार.

धुळ्याहून मंजुळेचं कार्ड. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं तिचं मन आहे. आई गेल्यानंतरची तिची पहिली घागर आहे, मी नको का, असं लिहिते. पण तिची सासू म्हणते, घरात बाईमाणूस नाही, विहीर खोल, वैशाखाचं ऊन, आणि अंगावर पिणारं पोर. तिथे पाणी ओढत बसशील, यंदा राहू दे.

मुद्दा बरोबर आहे, पण जुना आहे. लगेच उत्तर टाकलं: विहिरीला इंजिन बसवलं आहे, पाणी न्हाणीपर्यंत आपल्या पायाने चालत येतं. जावईबापूंनी येऊन खात्री करून घ्यावी.

भिकुबाई नऊ वर्षं इंजिन घ्या म्हणायची. मी म्हणायचो, निवृत्त झाल्यावर बघू. तशी तिला पाणी ओढायची हौसच होती.

संकल्प: १) जावई येईपर्यंत इंजिन सलग तासभर चालवणं. २) कारबोरेटर रोज उघडणं. ३) स्वयंपाक शिकणं.

२९ मार्च.

आज जेट केरसुणीच्या काडीने साफ केली. सुरू. चार मिनिटं. बंद. उघडला, साफ केला, पेट्रोल ओतलं, टिळा, सुरू. साडेचार मिनिटं! प्रगती आहे.

भाकरी करून पाहिली. त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही.

१ एप्रिल.

बघायला कोणी आलं नाही. पहिल्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लोकांना यंत्राची गोडी नाही, तमाशाची आहे. बरंच झालं. गर्दीत हात नीट चालत नाही.

फुगा पाण्यात बुडवून पाहिला. बुडबुडे नाहीत, भोक नाही. भिकुबाईची शिवणाची सुई सापडली, तिने जेट कोरणार होतो. सुईत दोरा ओवलेला होता. माझ्याच सदऱ्याचं बटण लावायचं राहिलं असावं. सुई परत ठेवली. त्या कामाला ती जाडच झाली असती.

३ एप्रिल.

हिलाल आला होता. म्हणाला, "भाऊ, तुम्ही बैल विकी टाकात, ते बरं नही व्हयनं." केळी मान टाकतेय, "मना मोटनं पानी तुमना मळामा सोडी देस," असंही म्हणाला. मी सांगितलं, गरज नाही. दुपारी पाहिलं तर मळ्यात पाणी. बहुधा त्याचा पाट फुटला असेल. माणूस कामाला चांगला, पण पाटाकडे लक्ष नाही.

केळी भिकुबाईने लावलेली. चार दिवस पाणी नसलं की तक्रार सुरू. केळीची म्हणतोय मी.

५ एप्रिल.

शेटजींचं उत्तर आलं. मी पेट्रोल भेसळीचं असल्याबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिलं होतं. ते लिहितात, पेट्रोल चोख आहे, कारबोरेटर वारंवार खोलू नका, माणूस पाठवू का? नको म्हणून कळवलं. माणूस येणार, दोन मिनिटं बघणार आणि गावभर सांगत सुटणार. शिवाय त्याला जेवायला काय घालू?

८ एप्रिल.

आता कारबोरेटर डोळे मिटूनही खोलता येतो. सकाळी चहा झाला की फडकं अंथरतो. फुगा डावीकडे, सुई मध्ये, जेट वाटीत. सगळं पुसून जोडेपर्यंत ऊन अंगणात येतं. मग सुरू करायचं, बंद पडायचं, पुन्हा खोलायचं. जेवायची वेळ कधी होते कळत नाही. पूर्वी वाटायचं, निवृत्त माणसाचा दिवस जाणार कसा. माझा तर पुरत नाही.

झाकण बंद करताना रोज ताजा टिळा. काल बेबाबाई आली, टिळा बघितला. करंड्यात डोकावली. मग पिठलं ठेवून गेली. मी मागितलं नव्हतं. भांडं धुऊन परत दिलं.

१२ एप्रिल.

निदान पूर्ण झालं. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण जमत नव्हतं. हवेचा स्क्रू अर्धा फेरा उजवीकडे. इंजिन आवाज बदलून चाललं. गंभीर, भारदस्त आवाज. नंतर खोकलं आणि बंद. पण खोकला निराळा होता.

झाकण उघडताना आत फुस्स झालं. टाकीने सुस्कारा टाकावा तसं. बऱ्याच दिवसांनी घरात माझ्याखेरीज कोणीतरी श्वास घेतला, असं उगाच वाटलं. नोंद करून ठेवतो. महत्त्वाचं नाही.

१५ एप्रिल, शनिवार.

जावई अभिमनराव उद्या येताहेत! घर झाडलं. न्हाणीत नवा दगड बसवला, मंजुळेला पोराला न्हाऊ घालायला सोयीचा पडेल. निंबाला झोका बांधला. लग्न झालेल्या पोरी झोक्यावर बसत नाहीत असं कोण म्हणतं? आखाजीला बसतात.

कारबोरेटर दोनदा ओव्हरहॉल. सर्व परफेक्ट. उद्याचा दिवस मोठा, म्हणून करंड्याच्या तळाला होतं नव्हतं ते सगळं कुंकू कालवलं आणि जाडसर थापलं.

१६ एप्रिल, रविवार. संध्याकाळ.

जावई आले. इंजिन दाखवलं. पहिल्या दोरीला सुरू. पाणी न्हाणीत आलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मी स्वतः पाहिलं. मी सांगत होतो की मंजुळेला घागरीला हातही लावावा लागणार नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत बंद.

मग मी कारबोरेटर खोलला. ते उन्हात उभे होते. मी प्रत्येक भाग नावानिशी समजावून दिला. त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी म्हणाले, "मामा, राहू द्या. हात काळे झाले तुमचे."

भाकरी त्यांनी पाण्यात बुडवून खाल्ली. निघताना म्हणाले, यंदा तिची तब्येतही जरा नाजूक आहे, पुढच्या आखाजीला नक्की पाठवतो. तुम्हीच धुळ्याला या. मी म्हटलं, घागर इथेच भरायला हवी, मंजुळेच्या आईचं घर हे.

तब्येतीचं कार्डात काही नव्हतं. पण असेल. तब्येत कार्डात मावत नाही.

१८ एप्रिल.

शांतपणे विचार केला. मंजुळा येत नाही हे एका परीने बरं. पोराला पेट्रोलचा वास बाधला असता.

झोका सोडला नाही. दोर ताणून बसायला वेळ लागतो.

२० एप्रिल.

कारबोरेटर खोलला नाही. नुसता बसलो. सबंध दिवस केवढा लांब असतो! गाडी येऊन गेली, परत गेली, तरी दुपारच.

शेवटी जोडलेला कारबोरेटर खोललाच.

२१ एप्रिल.

बेबाबाई सांगून गेली, "उद्या आखाजीले आमनाकडे जेवाले या, भाऊ." मी म्हटलं, माझ्याकडे पाहुणे आहेत. का म्हटलं कोण जाणे. घागर, तिच्यावर ठेवायचं मातीचं छोटं डेरगं, खरबूज, सगळं बाजारातून आणलं आहे. सांजोऱ्या मात्र आयत्या मिळत नाहीत.

२२ एप्रिल, शनिवार. आखाजी.

सकाळी घागर विहिरीवर नेली. इंजिनाला हात लावला नाही. आज मला कोणाचा अपमान नको होता, माझाही. दोरीने पाणी ओढलं. आठ पोहरे लागले. विहीर एवढी खोल आहे, मला माहीत नव्हतं. हाताला फोड आले. तिच्या हाताला फोड नव्हते, घट्टे होते.

घागर मांडली. मग उंबरठा. आखाजीला उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून आपल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं असतं. दरवर्षी बोटं भिकुबाई ओढायची. नावं मी सांगायचो, आणि ती माझ्या आजोबांचं नाव नेमकं विसरायची. मुद्दाम विसरायची, मी चिडतो म्हणून.

करंडा उघडला. रिकामा. पालथा करून आपटला तरी बोट लाल होईना.

हिलालकडे मागायला जावं तर पाहुणे आहेत म्हणून सांगून बसलो होतो. उंबरठ्याशी किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. मग आठवलं, तिचं सगळं कुंकू गेलं कुठे.

विहिरीवर गेलो. झाकणावरचे थर नखाने खरवडले. महिन्याभराचे, तेलात घट्ट बसलेले. खळग्यात तर डिंकासारखं चिकटलं होतं, काडीने उकरून काढलं. सगळं मिळून चिमूटभर. तळाशी सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं. कुंकू महत्त्वाचं होतं, लक्ष दिलं नाही.

एकच बोट होईल एवढं होतं. आईवडील, आजोबा, सगळ्यांची मनातून माफी मागितली आणि एकच बोट ओढलं. भिकुबाई, असं नाव घेतलं. तोंडाने मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

जेवण झालं. खरबूज.

घर फार शांत होतं, म्हणून इंजिनाची दोरी ओढली. चार मिनिटं तरी आवाज होईल एवढाच हिशेब. सुरू झालं. पायरीवर बसलो आणि बंद पडायची वाट बघत राहिलो.

पडेना.

न्हाणी भरली. मंजुळेसाठी बसवलेला दगड बुडाला. पाणी अंगणात आलं, अंगणातून केळीत गेलं. मी उठून उभा राहिलो. चालतंय! चालतंय! असं मोठ्याने ओरडलो. पलीकडे हिलालच्या निंबाखाली बायकांची झोक्यावरची गाणी चालली होती. माझ्या इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं, मलाही मग त्यांची गाणी ऐकू येईनात.

तेव्हा ते भोक आठवलं. झाकण जवळून पाहिलं. हवा आत जायची वाट होती ती. रोज बुजवत होतो.

टाकी संपेपर्यंत चाललं. झोक्यावर जरा बसून पाहिलं. दोर ताणला आहे आता, पक्का.

२३ एप्रिल, रविवार. सकाळी ६.

इंजिन निर्दोष आहे. कारबोरेटर निर्दोष आहे, पहिल्या दिवसापासून होता. मंजुळेला कार्ड लिहायला घेतलं, इंजिन उत्तम चालतं एवढं लिहून थांबलो. हे तिला मार्चातच कळवलेलं आहे.

सकाळी ७.

फडकं अंथरलं. फुगा डावीकडे, सुई मध्ये, जेट वाटीत.