पितळेच्या तारा, जर्मन पिकप

२ एप्रिल
झोप नाही. काल जेवताना दीपमालाने अट घातली. लग्नापासून मी तिच्या भीमगीतांच्या पार्टीत तिच्या उजव्या हाताला बसून गिटार वाजवतो. ढोलकीपुढे गिटार कुणालाच ऐकू येत नाही. दोन गाण्यांच्या मधे मी भाषण करतो, ते सगळ्यांना ऐकू येतं. म्हणाली, "मारेगावच्या कार्यक्रमात गिटार आइकू आली पायजे, तुमी नाही. नाही त तुमच्या जागी विक्कीचा बेंजो."
विक्की! ज्याने जन्मात पुस्तक उघडलं नाही!
निश्चय: गिटारला वीज. स्टेजवर मौन.

५ एप्रिल
माझी गिटार साधी नाही, आर्चटॉप. फुगीर छाती, व्हायोलिनसारख्या दोन फटी. तिला आजकालचा पिकप लावणं म्हणजे वैचारिक दिवाळखोरी. कोलकात्याहून साठ वर्षांपूर्वीचा जर्मन पिकप मागवला. तार हलली की त्यातला चुंबक ते कंपन पकडून स्पीकरला देतो. यावर दीपमालासमोर सविस्तर बोललो. ती डाळ निवडत होती. शेवटी म्हणाली, "मंग मौन कदीपासून?"
स्टेजवर म्हटलं होतं. घरात नाही.

९ एप्रिल
पार्सल आलं. विकणाऱ्याने फोनवर दोन सूचना दिल्या. पितळी तारा काढा, स्टीलच्या लावा; चुंबक पितळ नीट पकडत नाही. आणि जुन्या पिकपमधे मेण भरलेलं नसतं. गिटारजवळ बोललात तर तेही उचलेल.
पितळेचा स्वर खानदानी. स्टील म्हणजे तडजोड. निवडणुकीच्या तिकिटासाठी तडजोड केली नाही, तारेसाठी करू?
दुसरी सूचना मला लागू नाही. माझं मौन आहे.

१२ एप्रिल
बसवला. आवाज आजारी डासासारखा. दोष व्होल्टेजचा. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तेव्हा जरा ऐकू आलं. मधेच खोकलो, तोही स्पीकरमधून आला. भारदस्त वाटला.

१६ एप्रिल, दुपार, मारेगावला जाताना जीपमधे
मौन सुरू. आतापर्यंत फक्त चारदा मोडलं, तेही ड्रायव्हरच्या अज्ञानामुळे.

१७ एप्रिल
वस्तुस्थिती नोंदवतो. काल पहिली दोन गाणी तोंड बंद. तिसऱ्यात दीपमालाचा सूर चढला, ढोलकी पेटली, गिटार गडप. मी वाकून बघायला गेलो, तोंड नेमकं फटीवर आलं, आणि अगदी स्वतःशी पुटपुटलो, "दीपे, हळू गाय नं. माही गिटार दबून राह्यली."
चारही भोंग्यांतून गेलं.
मांडव हसला. मागून कोणीतरी, "सर, गिटार नाही, तुमीच आइकू येऊन राह्यले!"
दीपमाला कडव्यात थांबली. अशी ती कधी थांबत नाही. मग मान न वळवता पुढचं गायली.
पिकप मात्र निर्दोष. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द.
परतताना ती पुढे, ड्रायव्हरजवळ बसली.

२४ एप्रिल, संध्याकाळ
पार्टी राजूरला गेली. विक्की बेंजो घेऊन, उजव्या हाताला. दीपमाला जाताना एवढंच म्हणाली, "भाजी झाकून ठेवली हाय."
स्टीलच्या तारा चढवल्या. तडजोड नव्हे, प्रयोग. एकेक सूर मोकळा. घर भरून गेलं. मीही बराच वेळ एक शब्द बोललो नाही.
भिंतीपलीकडून शेजारच्या तुळसाबाई ओरडल्या, "आवाज कमी करा जी सर! आमची मालिका आइकू येऊन नाही राह्यली!"
म्हणजे गिटार ऐकू येते!
दीपमालाला सांगायला फोन लावला. उचलला नाही.
गात असेल.